साठात चौतीस बरोबर आले, आता पैसे लावू का?

प्रश्न : सर, माझा मावसभाऊ इंग्लिश प्रीमियर लीगच्या मॅचेसचे अंदाज वहीत लिहून ठेवतो, मॅचमध्ये एकूण गोल अडीचच्या वर की खाली एवढंच, भाव दोन्हीकडं १.९० (म्हणजे १०० लावून जिंकलं तर मुद्दलासकट १९० परत). अजून पैसे लावलेले नाहीत. ६० पैकी ३४ बरोबर आले, दर मॅचला १०० रुपये धरले तर ४६० फायदा होतो. आता गडी लाखभर घालायचं म्हणतोय. गणित बरोबर आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : बेरीज-वजाबाकी बरोबर आहे हो, ३४ वेळा ९० आले, २६ वेळा १०० गेले, ४६० उरले. घोळ पुढं आहे. १.९० भाव म्हणजे १०० पैकी साधारण ५२.६ अंदाज बरोबर यायला लागतात, तेव्हा कुठं मुद्दल सुटतं, म्हणजे साठात ३२ तर नुसते बरोबरीसाठीच गेले. दोन्ही बाजूंवर शंभर-शंभर लावून बघा, २०० घालून १९० हातात येतात, बुकीला मॅच बघायचीपण गरज नाही.

आता नाणं उडवणारी १०० माणसं घ्या, फुटबॉलमधलं काहीच न कळणारी (आपल्या पेठेत अशी सापडायची नाहीत, पण समजा). त्यातल्या साधारण १८ जणांचे साठात ३४ किंवा जास्त येणारच. भाऊ त्या अठरातला आहे का खरा जाणकार हे ६० मॅचवरून कळत नाही. १०० मॅच झाल्या तरी नाणंवाल्यातले ३१ जण फायद्यात असतात, आणि गंमत म्हणजे ज्याचे खरोखर ५५ टक्के बरोबर येतात असे १०० जाणकार घेतले तर त्यातलेपण ३१ जण तोट्यात असतात! १००० मॅचनंतरसुद्धा त्या जाणकारांतले सहा-सात जण तोट्यातच. टेलिग्रामवर टिपा विकणारे महिन्याभराचा स्क्रीनशॉट टाकतात तो याच भरवशावर.

वहीत अजून एक रकाना करायला सांगा, मॅच सुरू होताना भाव किती होता. याने १.९० ला धरलेला भाव सारखा १.८० वर येत असेल तर बाजारपण मागून त्याच्याच बाजूला येतोय, म्हणजे पोराला काहीतरी कळतंय, आणि उलटा वर जात असेल तर ते ४६० नशिबाचे. जिंकलं-हरलं यापेक्षा हे लवकर कळतं.

लाखाचं म्हणाल तर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत, सट्ट्याच्या साइटचा आयडी देणारा कितीही ओळखीचा असूदे. आणि इंग्लंडात, जिथं हे कायदेशीर आहे तिथंसुद्धा, सारखा जिंकणारा दिसला की बऱ्याच कंपन्या त्याला मोठी रक्कम लावू देत नाहीत.

प्रश्न : हरलं की डबल लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल, हे खरं का?
– कसबा बावडा

उत्तर : १.९० ला नाही. १००, २००, ४००, ८०० हरलात, १५०० गेले. पाचव्यांदा १६०० लावून जिंकलात तर मिळाले १४४०. जिंकून ६० रुपये तोटा, आणि सहाव्यांदा जिंकलात तर २२०.