चर्चचा एलजीबीटीक्यू हक्कांना विरोध फक्त बायबलमुळेच असतो का?

तुम्ही विचारलंय, पोलंडसारख्या देशात हा विरोध एवढा कडवा का आणि त्यामागे फक्त बायबल आहे का. बायबल एक कारण आहेच, पण तेवढ्यावर थांबलात तर पोलंड कळणार नाही.

१७९५ ते १९१८ पोलंड नकाशावरच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. त्या काळात पोलिश अस्मिता तगली ती मुख्यतः कॅथलिक चर्चच्या आधाराने. पुढे कम्युनिस्ट राजवटीतही विरोधकांना आसरा दिला तो चर्चनेच. सॉलिडॅरिटी या कम्युनिस्ट राजवटीला आव्हान देणाऱ्या कामगार चळवळीची बाजू घेणारे फादर येझी पोपिएवुश्को यांना १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनी ठार मारलं. हे धैर्य मी मनापासून मानते. पण त्यातूनच 'पोलिश म्हणजे कॅथलिक' हे समीकरण घट्ट होत गेलं आणि चर्चशी मतभेद म्हणजे देशद्रोह, असं पटवणं सोपं झालं.

१ ऑगस्ट २०१९ ला वॉर्सा उठावाला, म्हणजे नाझी जर्मनीच्या ताब्याविरुद्ध राजधानीत झालेल्या लढ्याला, ७५ वर्षं झाली. त्या दिवशीच्या मिस्सेत (कॅथलिकांच्या सामुदायिक प्रार्थनेत) क्राकोचे आर्चबिशप मारेक येंद्राशेव्स्की म्हणाले, की लाल साथ (म्हणजे कम्युनिझम) गेली, आता इंद्रधनुषी साथ (म्हणजे एलजीबीटी चळवळ) आली आहे. हुतात्म्यांच्या स्मरणदिनी आपल्याच देशबांधवांच्या चळवळीला रोगाची उपमा! मला याहूनही संताप येतो तो कम्युनिस्टांशी केलेल्या तुलनेचा. त्याच कम्युनिस्टांच्या पोलिसांनी १९८५ ते १९८७ मध्ये 'ऑपरेशन हायसिंथ' राबवून समलिंगी पुरुषांना धरून नेलं, सुमारे ११,००० जणांच्या फायली तयार केल्या. ज्यांचा छळ झाला त्यांनाच छळणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं.

'समलिंगी हक्क हे पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे' हा विरोधकांचा दावाही टिकत नाही. पोलंडच्या १९३२ च्या दंडसंहितेने समलिंगी संबंध गुन्ह्यांतून वगळले, इंग्लंडच्या ३५ वर्षं आधी.

चर्चची ही भाषा राजकारण्यांना आयतीच मिळाली. २०२० च्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष आंद्रेय दुदा म्हणाले, की एलजीबीटी ही माणसं नसून विचारसरणी आहे. एकदा असं ठरवलं की कुणाच्या मुलाला मार बसला, हे दिसतच नाही. आणि मार बसला होताच: आदल्या वर्षी ब्याविस्तोक शहरातल्या पहिल्या प्राइड मोर्चावर (एलजीबीटी हक्कांच्या मोर्चावर) जमावाने दगड-बाटल्या फेकल्या होत्या.

सगळे श्रद्धाळू असे नाहीत, हे मुद्दाम सांगते. २०१६ मध्ये काही कॅथलिकांनी समलिंगी संघटनांसोबत मोहीम काढली होती. फलकावर हस्तांदोलन करणारे दोन हात, एकावर जपमाळ, दुसऱ्यावर इंद्रधनुषी कडं. मिस्सेत शेजाऱ्याला शांतीची खूण देतात, तीच ही. बिशपांनी कॅथलिकांना यापासून दूर राहायला सांगितलं.

२०१९ पासून शंभरेक स्थानिक संस्थांनी 'एलजीबीटी विचारसरणी'विरोधी ठराव केले होते. युरोपीय संघाचा निधी अडण्याची भीती निर्माण झाल्यावर ते हळूहळू मागे घेतले गेले, शेवटचा २०२५ मध्ये. तोवर काही एलजीबीटी तरुण देश सोडून गेले होते.