'अचूक', 'अस्खलनशील' की 'प्रमादातीत'?

खानापूर तालुक्यातील एक वाचक आपल्या कॅथलिक पॅरिशमधील (धर्मग्रामातील) विवाहपूर्व वर्गासाठी मराठीत टिपण तयार करीत आहेत. 'संततिनियमनाविषयीची चर्चची शिकवण अचूक आहे' असे वाक्य त्यांनी लिहिले असून, 'इन्फॅलिबल'साठी 'अचूक' चालेल का आणि ती शिकवण खरोखर तशी मानली जाते का, असे त्यांनी विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले, तर दुसऱ्याचे निम्मे उत्तर त्यातच मिळते.

'अचूक' हा शब्द परिणामाबद्दल बोलतो. सोनाराच्या काट्यावरचे वजन अचूक असते, नेम अचूक लागतो, आणि एखादा माणूस दर रविवारी अचूक मिसेला (चर्चमधील उपासनेला) हजर असतो. या शेवटच्या अर्थाला आपल्या सीमाभागात कन्नडचा शेजार आहे : 'तप्पु' म्हणजे चूक आणि 'तप्पदे बा' म्हणजे 'न चुकता ये'. दोन्ही भाषांनी चुकीच्याच शब्दातून नेमाने येण्याचा अर्थ काढला आहे. 'इन्फॅलिबल' मात्र परिणामाबद्दल नसून हमीबद्दल आहे. ठरावीक अटींत केलेल्या घोषणेत चूक होऊच शकत नाही, असा तो दावा आहे. म्हणून अशी प्रत्येक घोषणा, श्रद्धावंताच्या दृष्टीने, अचूक असते; पण प्रत्येक अचूक शिकवणीमागे ती हमी असतेच असे नाही.

'अस्खलनशील' हा शब्दही सुचवला जातो. मला तो टाळावासा वाटतो, कारण मराठीत 'स्खलन' म्हटले की नैतिक घसरणच आधी आठवते आणि पोप पाप करू शकत नाहीत, असा भलताच अर्थ निघतो. शिवाय गर्भनिरोधाच्या टिपणात 'स्खलन' हा शब्द आणखी कशाची आठवण करून देईल, हे सांगायला नको. कोणाचा शब्द प्रमाण मानावा याच्या आपल्या परंपरागत चर्चेत वक्त्याचे दोष सांगताना भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा (फसवण्याची इच्छा) असे शब्द येतात. त्या परंपरेतला 'प्रमादातीत' हा शब्द मला जवळचा वाटतो. 'प्रमाद' म्हणजे मुळात अनवधान, हे खरे. पण आजच्या मराठीत तो 'चूक' याच अर्थी रुळला आहे.

आता शिकवणीकडे वळू. 1870 साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या प्रमादातीततेची व्याख्या केली. तिच्यानुसार पोपांनी आपल्या सर्वोच्च अधिकाराने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीची एखादी शिकवण साऱ्या चर्चने मानावी म्हणून निश्चित केली, तरच ती हमी लागू होते; 1950 साली मरियेच्या स्वर्गोन्नयनाची घोषणा झाली, ती अशी. पोप सहावे पॉल यांचे गर्भनिरोधाचा निषेध करणारे 1968 चे 'ह्युमाने व्हिटे' हे परिपत्रक या रीतीने काढलेले नव्हते आणि ते जाहीर करतानाच व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी तसे सांगितले होते. वाद उरतो तो दुसऱ्या वाटेबद्दल : जगभरचे बिशप पोपशी ऐक्य राखून एखादी शिकवण निश्चित म्हणून एकमुखाने देत असतील, तर तीही प्रमादातीत ठरते, असे दुसरी व्हॅटिकन परिषद सांगते. गर्भनिरोधाबाबत ही अट पूर्ण झाली आहे, असे जॉन फोर्ड आणि जर्मेन ग्रिझे या कॅथलिक अभ्यासकांनी 1978 साली मांडले, तर ईशज्ञानाचे अभ्यासक फ्रान्सिस सलिव्हन यांनी ते नाकारले. मला सलिव्हन यांची बाजू अधिक पटते, कारण चर्चच्या कायद्यातील 749 वे कलमच म्हणते की, स्पष्टपणे सिद्ध झाल्याखेरीज कोणतीही शिकवण प्रमादातीतपणे निश्चित झाली असे समजू नये. मात्र त्यावरून ती ऐच्छिक ठरते, असे कोणी समजू नये. 752 वे कलम अशा अधिकृत शिकवणीलाही बुद्धी आणि इच्छा यांची धार्मिक अधीनता मागते.

वाक्यातला 'संततिनियमन' हा शब्दही बदलावा लागेल. गंभीर कारण असल्यास पत्नीचे गर्भधारणा न होणारे दिवस पाहून मुलांमध्ये अंतर ठेवणे चर्चला मान्य आहे, आणि तेही संततिनियमनच आहे. निषेध आहे तो गर्भनिरोधाचा. तेव्हा टिपणात असे लिहावे : 'गर्भनिरोधाविषयीची चर्चची शिकवण अधिकृत व बंधनकारक आहे, ती प्रमादातीत आहे की नाही, याबद्दल ईशज्ञानाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत.'