आधी व्हॉल्यूमचं बघ
वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) डॉकरवर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (डब्यांत) चालवणाऱ्या साधनावर चढवतोयस, छान. पण कंटेनर म्हणजे मांडव. आज उभारला, उद्या सोडला. डेटाबेस आणि अपलोड केलेले फोटो व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या टिकणाऱ्या साठ्यात, नसतील, तर कंटेनर काढला की तेही गेले. मी एकदा घाईत कंटेनर थांबवून काढणाऱ्या ‘कंपोझ डाउन’ या आज्ञेला ‘व्ही’चा (-v) पर्याय जोडला आणि व्हॉल्यूमच पुसले. दोन वर्षांचं लिखाण! बॅकअप? नव्हता.

मारियाडीबीचं, म्हणजे डेटाबेसचं, ३३०६ पोर्ट (जोडणीचं दार) बाहेर उघडूच नकोस. वर्डप्रेसला त्याची गरज नाही, एकाच नेटवर्कवरचे कंटेनर सर्व्हिसच्या नावाने आपापसांत बोलतात. आणि यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलवर विसंबू नकोस, डॉकरने उघडलेलं पोर्ट त्याला वळसा घालून जातं. बाहेर फक्त ८० आणि ४४३, तेही कॅडी या वेब सर्व्हरकडे. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तो स्वतःच आणतो. हो, इमेजच्या (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याच्या) नावापुढे ‘लेटेस्ट’ नको, आवृत्तीचा आकडा लिही.