कल्पित ग्रहाचं तापमान

प्रश्न : कादंबरीसाठी पृथ्वीसारख्याच एका ग्रहाचा नकाशा काढलाय. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत लाल, पिवळे, निळे पट्टे रंगवले, पण ते खोटे वाटतात. कुठे चुकतंय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आडव्या पट्ट्यांतच. वर्षाचा एक नकाशा पुरत नाही. जानेवारी आणि जुलै असे दोन काढा. आधी सगळी जमीन समुद्रसपाटीला आहे असं धरून तापमानाच्या दर ५ अंशांना एक समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणारी रेषा) ओढा. उत्तर गोलार्धात खंडावर ती रेषा जानेवारीत विषुववृत्ताकडे वाकते, जुलैत ध्रुवाकडे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते नि लवकर निवते. वाक किती? नॉर्वेतलं बर्गेन ६० अक्षांशावर, जानेवारीची सरासरी शून्याच्या जरा वर. सैबेरियातलं याकुत्स्क ६२ वर, उणे ३८च्या आसपास. एवढा बिनधास्त वाकवा. २०-३० अक्षांशांतल्या पश्चिम किनाऱ्यांलगत थंड प्रवाह असतात, तिथेही रेषा विषुववृत्ताकडे ओढा.

उंची शेवटी. दर १००० मीटरला ६.५ अंश वजा. वडोदरा आणि इंदूर जवळपास एकाच अक्षांशावर, पण इंदूर ५०० मीटरने उंच, म्हणजे ३ अंश गेले. (माळव्याच्या रात्री उगाच नावाजलेल्या नाहीत.) खऱ्या शहराचा आकडा आधाराला घेतलात तर आधी तो समुद्रसपाटीला आणा, नाहीतर उंची दोनदा वजा होते.

आणि मोसमी पाऊस दाखवणार असाल, तर तिथे जुलै सगळ्यांत तापलेला रंगवू नका. इंदुरात मे भाजतो. जुलैत ढग येतात आणि महिन्याची सरासरी ५-६ अंश उतरते.