फॉरमॅट मारायच्या आधी

प्रश्न : ताई, खानापूर तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम मीच डिझाईन करतो. मध्यंतरी विंडोजचं अपडेट झालं आणि तेव्हापासून फोटोशॉपमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये अडचण आल्यामुळे ग्राफिक्सच्या सोयी तात्पुरत्या बंद केल्या आहेत’ अशा अर्थाचा मेसेज येतोय. झूम केलं की नवरीच्या मंगळसूत्रावर काळे चौकोन पडतात, मधेच सगळा स्क्रीन काळा होऊन परत येतो. ग्राफिक्स कार्ड एन्विडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबी. रॅम १६ जीबी. एका दुकानात दाखवलं तर फॉरमॅट मारा म्हणाले. अल्बम अडकलेत, पार्टी रोज फोन करते. फॉरमॅटशिवाय काय होतंय काय, तेवढं बघा की.
— एक स्टुडिओचालक

उत्तर : दादा, फॉरमॅट अजिबात मारू नका. आपल्याकडे कॉम्प्युटर नुसता शिंकला तरी सगळ्यांकडे हा एकच काढा तयार असतो. त्यात वर्षानुवर्षं जमवलेले तुमचे मराठी आणि कन्नड फॉन्ट, ॲक्शन, ब्रश सगळं जाणार. आणि नवी विंडोज टाकल्यावर नेट जोडलं की तोच बिघडलेला ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या प्रोग्राम, आपोआप परत येऊन बसला, तर काय करणार?

आधी अल्बम हातावेगळे करा. फोटोशॉपमध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, मग परफॉर्मन्स. तिथली ‘युज ग्राफिक्स प्रोसेसर’ची खूण काढा, फोटोशॉप बंद करून परत उघडा आणि तोच मंगळसूत्राचा फोटो झूम करा. चौकोन गेले, तर दोष कार्ड किंवा ड्रायव्हरकडचा. तसेच राहिले, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, रॅम आणि हार्डडिस्क तपासून घ्या. खूण काढल्यावर कॅनव्हास फिरवणं, माऊस ओढून झूम करणं, ऑइल पेंट फिल्टर अशा काही गोष्टी चालणार नाहीत. पण लेअर, मास्क, कर्व्हज, क्रॉप, मजकूर हे सगळं चालतं. अल्बमला लागतं ते एवढंच.

चौकोन फाइलमध्ये गेलेत की नुसते दिसतायत, हेही बघून घ्या. त्या फोटोची जेपीजी काढून मोबाईलवर उघडा. मोबाईलवर मंगळसूत्र स्वच्छ दिसलं तर फाइल शाबूत आहे, प्रिंटला पाठवायला हरकत नाही.

आता ड्रायव्हर. स्क्रीन काळा होऊन परत येतो, ते विंडोजच करते. कार्डाने ठरावीक वेळेत, साधारण २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते. त्या क्षणी फोटोशॉपच्या हातातलं कार्ड सुटतं आणि तुम्हाला तो मेसेज दिसतो. अपडेटनंतर सुरू झालं म्हणता, तेव्हा विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर वर चढवला असण्याचा संशय पहिला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली कार्डावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे तारीख बघा. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण चालू असेल तर दाबा, रीस्टार्ट करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

बटण पुसट असेल तर ड्रायव्हर मुळापासून काढायचा. आधी एन्विडियाच्या साइटवरून १६५० चा ‘स्टुडिओ ड्रायव्हर’ उतरवून ठेवा. ‘गेम रेडी’ नको, तो नव्या गेमच्या तारखा धरून निघतो. स्टुडिओवाला फोटो-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवर तपासून येतो आणि आपलं पोट त्यावर आहे. फाइल अर्धा जीबीहून मोठी असते, तेव्हा मोबाईलच्या नेटवर बसू नका, चांगलं नेट असेल तिथून पेनड्राइव्हवर आणा. डीडीयू नावाचं, जुना ड्रायव्हर पुसून काढणारं फुकट सॉफ्टवेअरही त्यावरच घ्या. मग नेटची वायर काढा, विंडोज सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर) चालू करा, डीडीयूने जुना ड्रायव्हर साफ करा, रीस्टार्ट करा आणि नेट न जोडताच नवा टाका. नेट आधी जोडलंत तर विंडोज पुन्हा आपलाच ड्रायव्हर घुसवते.

हे सगळं यूपीएसवर करा. पावसाळ्यात तुमच्या कणकुंबी-जांबोटीकडे लाईटचा काय भरवसा असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. ड्रायव्हर बसत असताना लाईट गेली की तो अर्धवट राहतो आणि मग खापर फोटोशॉपवर फुटतं.

एवढं करूनही चौकोन आले तर मशीन चालू करताना नीट बघा. विंडोज यायच्या आधी, मदरबोर्डच्या कंपनीचं नाव दिसतं त्या स्क्रीनवरच रेघा किंवा ठिपके दिसले, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. कार्ड जातंय किंवा मॉनिटरची केबल खराब आहे. केबल आधी बदलून बघा, ती स्वस्त पडते.

प्रश्न : माझ्याकडे जीटी ७१० कार्ड आहे. नवीन फोटोशॉप ‘कार्ड चालत नाही’ म्हणतंय. कुठला ड्रायव्हर टाकू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कुठलाच नको. नव्या फोटोशॉपला डायरेक्टएक्स १२ ची (विंडोजमधली ग्राफिक्सची यंत्रणा) १२_० ही फीचर लेव्हल, म्हणजे कार्डाच्या क्षमतेची पायरी, लागते आणि ७१० मुळात ११_० वरच थांबतं. ही कार्डाच्या चिपचीच मर्यादा. शिवाय त्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणं एन्विडियाने २०२१ मध्येच थांबवलं, नंतर २०२४ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या. वर सांगितलेली खूण काढून काम करा.

नवं घ्यायचं ठरलंच आणि सेकंडहँड १०५० टीआय व १६५० दोन्ही समोर आली, तर थोडे जास्त मोजून १६५० घ्या. १०५० टीआयच्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर २०२५ च्या अखेरीस बंद झाले. १६५० च्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे जुन्या एसएमपीएसवरही (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) चालून जातं. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा. टॉवर कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी असतो तो मदरबोर्डचा पोर्ट, कार्डाचा खालच्या आडव्या पट्टीवर. नवं कार्ड घालून केबल जुन्याच जागी ठेवलेली आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणणारी माणसं बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत मला कायम भेटतात.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एन्विडिया दोन्ही ग्राफिक्स आहेत. फोटोशॉप इंटेलच धरून बसतंय.
— एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स. यादीत फोटोशॉप निवड, ‘हाय परफॉर्मन्स’ कर आणि फोटोशॉप बंद करून परत उघड. ड्रायव्हर टाकायचा झाला तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा घे. आणि चार्जर लावून काम कर. बॅटरीवर असताना बरेच लॅपटॉप कार्डाला आवर घालतात.