पंचवटीत बसण्याआधी

चि. पोरी,
आशीर्वाद.

नोकरी सोडून मुंबईला राहायला जातेयस, हे तुझ्या आईकडून कळलं. जा, मी अडवणार नाही. पण परवा तू ऑडिशनचा व्हिडिओ दाखवलास, त्यातलं एक मनाला लागून राहिलंय. समोरचा बोलत असताना तू फक्त स्वतःच्या वाक्याची वाट बघत होतीस.

माझीही हीच खोड होती. राज्य नाट्य स्पर्धा, आपल्या नाशिकचं साईखेडकर नाट्यगृह, दुसरा अंक. समोरच्या नटाने गडबडीत दोन पानं गाळली आणि आई गेल्याचं सांगून टाकलं. माझं मात्र पाठांतर पक्कं! मी विचारलं, "आईला आता बरं वाटतंय का?" मागच्या रांगेत हशा पिकला आणि पसरत पुढे आला. तेव्हा त्यानेच माझा हात धरला, गप्प उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "तू ऐकलं नाहीस का रे?" प्रेक्षागृह शांत झालं. चूक त्याची होती, पण सावरलंही त्यानेच, कारण तो मला ऐकत होता.

म्हणून सांगतो, जाण्याआधी एका नाटकाचं प्रॉम्प्टिंग कर, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरव. संहितेवर बोट ठेवून सगळ्यांची वाक्यं ऐकत विंगेत बसलं की नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्याच्या श्वासावरून कळायला लागतं. कॅमेऱ्यापुढे हेच कामी येतं. क्लोजअपमध्ये बऱ्याचदा बोलतो दुसरा आणि दिसतो तुझा चेहरा. कधी तर तो दुसरा समोर नसतोच, सहायक कोरडेपणाने त्याची वाक्यं वाचतो. मालिकेत पानं सेटवर हातात पडतात, तिथे घोकायला वेळ कुठला?

आणि उशीर झाला, असं म्हणू नकोस. तात्यासाहेब शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातले पहिले बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, नाक-कान-घशाचे सर्जन. वैद्यकी सोडून ते १९६९ साली पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधीची कित्येक वर्षं दवाखाना सांभाळून त्यांनी नाटकं केली होती. तू तर अजून पंचविशीचीही नाहीस.

पैशांचंही बघ. नाटकाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, प्रयोग झाला तरच मिळते. मालिकेचे पैसे हातात पडायला तीन-तीन महिने लागतात. सहा महिन्यांचं भाडं गाठीशी असल्याशिवाय खोली घेऊ नकोस. तोवर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जा, ऑडिशन दे, रात्री घरी ये. त्यात कमीपणा नाही.

शनिवारी सात वाजता तालमीला ये. प्रॉम्प्टिंगला माणूस हवाच आहे. पेन्सिल आण, कोण कुठे थांबतं त्या खुणा संहितेत करायच्यात.

तुझे सर