जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल बदलावं का?
दीड लाख किलोमीटर झालेत, ऑइल एकदाही बदललेलं नाही, आता हात लावावा का, असं विचारलंय. बदला, पण मशीनने फ्लश (दाबाने सगळं ऑइल एकदम बदलणं) करू नका. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढून गळेल तेवढं काढा आणि मोजून तेवढंच नवीन भरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) बरंच ऑइल अडकून राहतं, त्यामुळे एका वेळी जेमतेम तिसरा हिस्सा ते निम्मंच बदलतं. म्हणून हजारेक किलोमीटर चालवून पुन्हा तसंच करा.

आधी दोन थेंब पांढऱ्या कागदावर टिपून बघा. लालसर असेल तर उत्तम, तपकिरी असेल तरी घाबरू नका. पण काळं पडलंय, करपल्याचा वास येतोय आणि गिअरही घसरतोय, तर आतल्या क्लच प्लेट झिजल्यात. नव्या ऑइलने ते भरून निघत नाही.

आणि हे कृपा करून विसरू नका: ऑइल भरायचा बोल्ट आधी सैल होतोय का बघा, मगच खालचा काढा. भरायचा बोल्ट जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. ऑइलची ग्रेड गाडीच्या मॅन्युअलमधलीच घ्या. सीव्हीटीला (ठराविक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीचं ऑटोमॅटिक गिअर ऑइल, अजिबात चालत नाही.